पहिली पायी आषाढी वारी: दिंडी निवडण्यापासून परतीच्या एसटीपर्यंत

वारीला पहिल्यांदा निघणारा जवळपास प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "एवढं चालणं झेपेल का?" आळंदी ते पंढरपूर हे अंतर साधारण २५० किलोमीटर आणि ते अडीच आठवड्यांत वाटलेलं. त्यातले काही दिवस एकाच गावी दुहेरी मुक्काम. म्हणजे रोजचं चालणं सरासरी पंधरा किलोमीटरच्या आसपास. सत्तरी ओलांडलेल्या आज्या डोक्यावर तुळस घेऊन दरवर्षी हे अंतर चालतात. झेपतं, हे उत्तर आधीच देऊन टाकतो.

वाटेतून परतणारे लोक चालण्यामुळे क्वचित परततात. सलग तीन रात्री झोप झालेली नसते, ओले मोजे तसेच पायात असतात, रस्त्यात पुढे येईल ते खाल्लेलं असतं, लघवीला जागा मिळणार नाही म्हणून पाणी प्यायलेलं नसतं, आणि मग सासवड-जेजुरीच्या सुमारास अंग उचलत नाही. म्हणून या लेखात रस्त्यापेक्षा मुक्कामाबद्दल जास्त लिहिणार आहे. संध्याकाळी तळावर टेकल्यापासून पहाटे निघेपर्यंतचे तास ज्याला सांभाळता येतात त्याची वारी पूर्ण होते, हे माझं ठाम मत आहे.

कोणती पालखी, कोणत्या तारखा

तुकोबांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, माऊलींची आळंदीहून अष्टमीला. पुण्यात दोन्ही पालख्या मुक्कामाला असतात: माऊली भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात, तुकोबा नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात. हडपसरला वाटा फुटतात. माऊली दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस असे जातात. तुकोबा लोणी काळभोर, यवत, वरवंड, बारामती, इंदापूर, अकलूज असे. पंढरपूरच्या उंबरठ्यावर वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात.

पहिल्या वारीसाठी यांतली कोणतीही चालेल. तुमच्या गावची, नात्यातली किंवा ओळखीची दिंडी ज्या सोहळ्यात असेल त्यात जा, हाच खरा निकष. माऊलींच्या सोहळ्यात गर्दी जास्त, आणि शिस्तही कडक. या सोहळ्याची आजची घडी बसवली ती हैबतबाबा आरफळकरांनी, १८३२ च्या सुमारास. ते शिंद्यांच्या पदरी होते, आणि दिंड्यांचे क्रमांक, चोपदार, घोडे, तंबू, ठरलेल्या वेळा यांत ती लष्करी नजर अजून दिसते. तुकोबांचा सोहळा त्यांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केला. त्या वाटेवर यवतची पिठलं-भाकरी आहे, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, म्हणजे पालखीभोवती गोल धावणं, आहे. मुक्ताईनगरहून येणारी मुक्ताबाईंची किंवा शेगावहून येणारी गजानन महाराजांची पालखी महिनाभराची असते. ती पहिल्या वर्षी नको. पुढचं सगळं मी माऊलींच्या वाटेबद्दल लिहितो आहे. तयारी मात्र दोन्हीकडे सारखीच.

तारखा तिथीने ठरतात, त्यामुळे कॅलेंडर पाहिल्याशिवाय रजा टाकू नका. २०२५ मध्ये आषाढी एकादशी ६ जुलैला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती २५ जुलैला आहे. एकादशी जूनच्या शेवटाकडे किंवा जुलैच्या सुरुवातीला आली की पुणे ते सासवड उन्हाचा त्रास जास्त होतो. उशिरा आली की तोच पट्टा पावसात जातो. फलटणपासून पुढे माण-माळशिरसकडचा कोरडा मुलूख आहे, तिथे दोन्ही वर्षी टोपी लागते.

पूर्ण रजा मिळत नसेल तर काय, हाही नेहमीचा प्रश्न. पुण्याचे लोक बहुधा आळंदी-पुणे किंवा पुणे-सासवड असा एक दिवस चालतात. त्यात गर्दी कळते, वारी कळत नाही. माझ्या मते पाच-सहा दिवसच हाती असतील तर नातेपुते ते पंढरपूर चाला. एका रिंगणाचा अपवाद सोडला तर सगळी रिंगणं त्या टप्प्यात आहेत, दिंडी तोवर एकमेकांत मुरलेली असते, आणि कळस दिसल्यावर माणसं का रडतात हे शेवटचे टप्पे पायी चालल्यावरच उमगतं.

दिंडी निवडणं

दिंडीशिवाय चालणाऱ्यांना 'मोकळा समाज' म्हणतात. हजारो लोक तसे चालतात, शाळेच्या ओसरीवर झोपतात, अन्नदानावर जेवतात. अनुभवी माणसाला ते जमतं. पहिल्या वर्षी मात्र दिंडीतूनच जा.

माऊलींच्या रथापुढे २७ दिंड्या चालतात, रथामागे काही शेकडा. लोक पत्ता सांगतात तोही तसाच: "रथापुढे अमुक नंबर", "रथामागे तमुक नंबर". हा नंबर तुमच्या दिवसाचं वेळापत्रक ठरवतो. रथाजवळच्या दिंडीला पहाटे वेळेवर हजर राहावं लागतं आणि पालखीची गती पाळावी लागते. फार मागच्या नंबराची दिंडी उशिरा हलते, उशिरा पोहोचते, पण तिच्यात थोडा मोकळेपणा असतो.

नावनोंदणी चैत्र-वैशाखातच करून टाका. दिंडीत जेवणाखाण्यासाठी ठरलेली रक्कम भरावी लागते, तिला भिशी म्हणतात. ती दिंडीगणिक वेगळी. पैसे भरण्यापूर्वी दिंडीचालकांना किंवा दोन-तीन वर्षं त्या दिंडीत गेलेल्या माणसाला भेटून मोकळेपणी विचारा. मुक्काम राहुट्यांत की शाळा-मंगल कार्यालयात? बायकांची राहुटी वेगळी आहे का? स्वतःचा पाण्याचा टँकर आहे का? शौचालयाची काय सोय? ट्रकमध्ये सामान किती वाजता चढवतात? दुपारचं जेवण विसाव्याच्या जागी पोहोचतं का? कोणी आजारी पडलं तर गाडी कोणती? ही उत्तरं पटापट आणि सरळ मिळाली तर ती दिंडी चांगली चालते असं समजा. माणसांची संख्या दीडशे-दोनशेच्या घरात असेल तर उत्तम. तेवढ्यात चार दिवसांत सगळे ओळखीचे होतात, आणि संध्याकाळी तुम्ही पोहोचला नाहीत तर कोणाच्या तरी लक्षात येतं.

काही दिंड्यांत माळ घातलेल्यांनाच घेतात, काहींत नाही. तंबाखू, दारू, मांसाहार यांना कुठेच जागा नाही. पांढरे कपडे बहुतेक ठिकाणी अपेक्षित असतात. हे नियम जाचक वाटत असतील तर दुसरी दिंडी शोधा, पण आत शिरून वाद घालू नका.

आधीचे अडीच महिने

रोज संध्याकाळी बागेत चार फेऱ्या, ही वारीची तयारी नव्हे. तुम्हाला डांबरावर चालायचं आहे, उन्हात, आणि एका दिवसाने न थांबता दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यामुळे रोजच्या चार-पाच किलोमीटरपासून सुरुवात करून आठवड्याचा एक दिवस लांब चालण्याचा ठेवा: आठ, मग बारा, मग सोळा. शेवटच्या महिन्यात दोन वेळा तरी शनिवार-रविवार सलग, रोज अठरा-वीस किलोमीटर. शनिवारी किती चाललात यापेक्षा रविवारी सकाळी पाय जमिनीला टेकताना काय वाटतं ते महत्त्वाचं. निघण्याआधीच्या आठवड्यात चालणं निम्म्यावर आणा.

सरावात तेच बूट, तेच मोजे आणि तीच खांद्याची पिशवी वापरा जी वारीत नेणार आहात. नवे कोरे बूट आळंदीला घालून येणारी माणसं दरवर्षी दिसतात आणि पुण्यात पट्ट्या बांधताना दिसतात.

आणखी दोन गोष्टींचा सराव हवा, त्या कोणी सांगत नाही. एक, जमिनीवर सतरंजीवर झोपण्याचा आणि उकिडवं बसण्याचा. गादी-कमोडची सवय असलेल्या शरीराला वारीत पहिला धक्का इथे बसतो. दोन, चालता चालता म्हणण्याचा. हरिपाठ पाठ करा, निदान ओळखीचा करून घ्या, आणि सरावाच्या चालण्यात मोठ्याने म्हणा. म्हणत चालणाऱ्याची गती आपोआप बेताची राहते, दम लागत नाही, आणि दिंडीत पाहुण्यासारखं वाटत नाही.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, गुडघ्याचं दुखणं यांपैकी काही असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून "रोज पंधरा-वीस किलोमीटर चालणार आहे, एकादशीला उपवास करणार आहे" हे स्पष्ट सांगा. चालण्याने साखर उतरते. गोळ्यांचं आणि इन्सुलिनचं प्रमाण बदलावं लागू शकतं, आणि ते स्वतःच्या मनाने बदलायचं नसतं.

दोन पिशव्या

सामान दोन भागांत भरायचं. मोठी पिशवी ट्रकमध्ये जाते आणि पहाटे एकदा ट्रकवर चढली की संध्याकाळपर्यंत तिचं तोंड दिसत नाही. दिवसभर लागणारं सगळं खांद्यावरच्या छोट्या पिशवीत हवं. सगळ्या आखणीचं मूळ हेच आहे.

मोठ्या पिशवीत तीन-चार जोड कपडे, पटकन वाळणारे. हलकं अंथरूण, चादर आणि त्याखाली घालायला जाड प्लास्टिकचा कागद, कारण राहुटीत खालून ओल येते. एक टॉवेल, दोन पंचे. एक बादली-तांब्या किंवा हलका मग. बांधायला दोरी: कपडे वाळत घालायला, ट्रकवर पिशवी ओळखू येईल अशी गाठ मारायला. प्रत्येक जोड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरा, म्हणजे ट्रक पावसात उभा राहिला तरी एक तरी जोड कोरडा राहील. पिशवीवर नाव, फोन आणि दिंडीचा नंबर ठळक लिहा. टाळं लावा, पण आत मौल्यवान काही ठेवू नका. दागिने घरीच.

खांद्याच्या पिशवीत पाण्याची लिटरभराची बाटली, अंग झाकेल असा प्लास्टिकचा कागद किंवा रेनकोट, मोज्यांचा एक कोरडा जोड, पायाच्या औषधांची पुरचुंडी, रोजच्या गोळ्या, जलसंजीवनीची दोन पाकिटं, गूळ-शेंगदाणे, टॉर्च आणि टाळ. छत्री गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. प्लास्टिकचा कागद बरा. पैसे थोडे, दोन ठिकाणी विभागून.

खिशात एक कागद ठेवा: स्वतःचं नाव, घरच्यांचा आणि दिंडीचालकांचा फोन, दिंडीचा नंबर, आजार आणि चालू औषधं. प्लास्टिकमध्ये गुंडाळून. लाखोंच्या गर्दीत फोनला रेंज मिळेलच असं नाही, आणि चार्जिंगच्या एका बोर्डाभोवती पन्नास माणसं असतात. पॉवर बँक नेली तरी फोन बहुतेक वेळ बंद ठेवा. त्याचा दुसरा फायदा वेगळा सांगायला नको.

दिवस कसा जातो

पहाटे तीनला तळ जागा होतो. शौच आणि आंघोळ चारच्या आत उरकली तर रांग लहान मिळते; पाचनंतर टँकरभोवती चिखल आणि झुंबड. निर्मलवारी या स्वच्छतेच्या उपक्रमातून तळावर फिरती शौचालयं मांडलेली असतात. रात्री पोहोचल्यावर उजेड आहे तोवरच ती कुठे आहेत ते पाहून ठेवा. सामान बांधून ट्रकवर चढवायचं, चहा घ्यायचा, आणि पालखी हलण्याआधी दिंडीच्या जागी उभं राहायचं. पालखी साधारण सहा-साडेसहाला हलते.

दिंडीत पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये पखवाज, वीणेकरी, त्यामागे तुळस आणि हंडा घेतलेल्या बायका. वीणेकऱ्याच्या हातातली वीणा म्हणजे दिंडीचं केंद्र. तिच्या आणि टाळकऱ्यांच्या मधून आडवं जाऊ नये. फोटोसाठी तर नाहीच. पुढे जायचं असेल तर दिंडीच्या कडेने जा. भजनालाही ठरलेला क्रम असतो, सकाळच्या काकड-भूपाळ्यांपासून संध्याकाळच्या हरिपाठापर्यंत. येत नसेल तर शेवटच्या रांगेत टाळ धरून ऐका, तीन दिवसांत हात बसतो. समोरून येणाऱ्याला 'माऊली' म्हणायचं, वय, जात, पद न विचारता, आणि कोणी पाया पडला तर आपणही पडायचं.

वाटेत दर काही किलोमीटरला विसावा असतो. बसलात की बूट-मोजे काढाच. पाच मिनिटं का होईना, तळवे हवेत ठेवा.

मुक्कामी पोहोचल्यावर पहिल्या तासात जे कराल त्यावर दुसरा दिवस ठरतो. क्रम असा ठेवा: आधी जागा धरून अंथरूण टाका, मग पाय धुऊन पूर्ण कोरडे करा, मग तळवे तपासा, मग दोन कपडे खंगाळून दोरीवर टाका, आणि त्यानंतर गप्पा. राहुटीत अंथरूण शक्यतो दारापासून दूर आणि किंचित चढावर. पाऊस असेल तर राहुटीभोवती हातभर चर मारलेला आहे ना, ते पाहा; नसेल तर चौघे मिळून मारा.

पालखी तळावर पोहोचली की समाज आरती होते. ती एकदा तरी जवळून बघावी. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळांचा गजर चाललेला असतो, आणि चोपदार हातातला दंड उंच करतो तशी एवढ्या मोठ्या समाजात एकदम शांतता होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. मग तिथे जाऊन तक्रार ऐकली जाते आणि निवाडा होतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू आणि माणसं यांची घोषणाही इथेच होते. तुमची चुकामूक झाली तर घाबरून मागे-पुढे पळू नका. कोणत्याही दिंडीत आपला नंबर सांगा, लोक जागेवर पोहोचवतात.

रात्री कीर्तन असतं. मन ओढतं, पण पहिल्या वर्षी साडेनऊला आडवे व्हा. कीर्तन दुहेरी मुक्कामाच्या गावी ऐका.

पाय

फोड येतो तो घर्षण आणि ओल यांच्या जोडीने. दोन्हींपैकी एक तोडलं तरी बराच फरक पडतो. पहाटे मोजे घालण्याआधी टाच, बोटांच्या बेचक्या आणि चवड्यावर पेट्रोलियम जेली चोळा. मांड्यांच्या आतल्या बाजूलाही, कारण तिथलं काचणं पायाच्या फोडाइतकंच माणसाला जायबंदी करतं. मोजे निव्वळ सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो. बूट नेहमीपेक्षा अर्ध्या नंबरने मोठे घ्या, दुपारी पाय फुगतात. बुटांबरोबर पट्ट्याची सँडलही ठेवा: मुसळधार पावसात बूट पिशवीत टाकायचे आणि सँडलवर चालायचं. नखं निघण्याच्या चार-पाच दिवस आधी सरळ कापा.

चालताना एखाद्या ठिकाणी चुरचुर सुरू झाली की तिथेच कडेला बसून कागदी चिकटपट्टी लावा. "पुढच्या विसाव्याला बघू" म्हणणाऱ्याला पुढच्या विसाव्याला फोड दिसतो. आलेला लहान फोड फोडू नका, वर गादीची पट्टी लावा. मोठा, चालूच न देणारा फोड असेल तर वाटेवरच्या आरोग्य पथकाकडून निर्जंतुक सुईने पाणी काढून घ्या आणि वरची कातडी तशीच राहू द्या. दर मुक्कामी सरकारी आणि स्वयंसेवी दवाखाने असतात, तिथे हे काम दिवसभर चाललेलं असतं.

अनवाणी चालण्याची श्रद्धा अनेकांची असते आणि ती मी मानतो. पण तळव्यांची सवय वर्षानुवर्षांची असते, ती वारीच्या दिवशी येत नाही. मधुमेह असेल तर अनवाणी चालू नका आणि रोज रात्री टॉर्चच्या उजेडात तळवे दुसऱ्याकडून तपासून घ्या. संवेदना कमी झालेल्या पायाला काटा टोचलेला कळतच नाही.

पाणी, पोट, गोळ्या

तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पाणी प्या. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. बाटली दिंडीच्या टँकरवरच भरा; बाहेरचं पाणी घ्यावं लागलं तर क्लोरीनची गोळी टाकून, तिच्या पाकिटावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. जलसंजीवनीचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापातच, बहुधा एक लिटरला एक, कालवायचं. दाट केलेलं जलसंजीवनी उलट त्रास देतं. कालवलेलं २४ तासांनंतर ओतून टाका.

वाटेत लोक केळी, चिवडा, लाडू, चहा, साबुदाण्याची खिचडी घेऊन हात जोडून उभे असतात. त्यांचा भाव एवढा मोठा असतो की नाही म्हणवत नाही. घासभर घ्या, डोक्याला लावा, पुढे चला. ज्या ठिकाणी गरम शिजत असताना दिसतंय तिथलं खा. कापून ठेवलेली फळं, सरबतं आणि बर्फ टाळा. पोट बिघडलं तर एक दिवस दिंडीच्या गाडीने जायला अजिबात संकोच करू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभं राहता येतं.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल कळकळीने सांगतो. पाय दुखतो म्हणून रोज उपाशीपोटी गोळी घेणारे खूप दिसतात. घाम गाळून शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. गरम पाण्याने शेक, तेलाने मालीश, पाय उशाएवढ्या उंचीवर ठेवून पंधरा मिनिटं पडणं, यांनी बहुतेक दुखणं रात्रीत उतरतं. गोळी लागलीच तर जेवल्यावर, आणि पथकातल्या डॉक्टरांना विचारून.

टप्प्यांवर काय लक्षात ठेवायचं

प्रस्थान अष्टमीला आळंदीत होतं. देवळात मोजक्याच दिंड्या सोडतात, आत शिरण्याचा हट्ट नको. त्या रात्री माऊली आळंदीतच आजोळघरी असतात. दुसऱ्या दिवशीचा पुण्यापर्यंतचा टप्पा लांब आहे, पण उत्साहात जातो.

पुणे-सासवड हा सगळ्या वारीतला सर्वांत लांब आणि कठीण दिवस. तीस किलोमीटरच्या वर अंतर, त्यात दिवे घाट, आणि बहुतेक वर्षी त्या दिवशी एकादशीचा उपवास. वडकी नाक्याला दुपारचा विसावा होतो. तिथे पोटभर पाणी पिऊन, बाटली भरूनच घाटाला लागा. घाटात सावली नाही. रथाला जादा बैलजोड्या लावतात, तेव्हा रथाच्या आसपास रेटारेटी होते. लहान मुलं आणि वयस्करांनी अंतर ठेवावं. सासवडला दोन मुक्काम मिळतात, ते पाय दुरुस्त करायला वापरा. तिथून द्वादशीला सोपानकाकांची, म्हणजे माऊलींच्या धाकट्या भावाची, पालखीही निघते.

जेजुरीला भंडारा उधळतात. पांढरे कपडे पिवळे होणार हे गृहीत धरा, डोळे सांभाळा. वाल्ह्याचा टप्पा सोपा. वाल्हे ते लोणंद या वाटेवर नीरा नदीत माऊलींच्या पादुकांना स्नान घालतात आणि पालखी सातारा जिल्ह्यात येते. लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण, म्हणजे दिंड्यांच्या रांगांमधून घोडे सरळ धावतात. पुढे फलटण, बरड. धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागतो आणि नातेपुते येतं. या पट्ट्यात पालखी महामार्ग आता रुंद झाला आहे, पण जुन्या झाडांची सावली ठिकठिकाणी गेली आहे. दुपारच्या डांबराची धग तळव्याला जाणवते, तेव्हा कडेच्या मातीवरून चाला.

पुरंदवडे, खुडूस फाटा आणि ठाकूरबुवांची समाधी इथे गोल रिंगणं होतात. बिनस्वाराचा, म्हणजे माऊलींचा अश्व आणि त्यापुढे स्वाराचा अश्व धावतो, मग टापांखालची माती कपाळी लावायला लोक धावतात, आणि चेंगराचेंगरीचा धोका तेव्हाच असतो. घोडे थांबल्यावर लगेच आत घुसू नका, आणि ज्या तोंडाने गर्दी आत-बाहेर करते तिथे उभे राहू नका. त्यानंतर दिंड्यांचा उडीचा खेळ होतो, तो निवांत बघता येतो. वेळापूरच्या अलीकडे उतारावर धावा होतो: तुकोबांना इथूनच कळस दिसला आणि ते धावत सुटले अशी श्रद्धा आहे. गुडघे दुखत असतील तर कडेने चालत उतरा. टप्पा नावाच्या ठिकाणी माऊली आणि सोपानकाकांची भेट होते. भंडीशेगाव, मग बाजीरावाच्या विहिरीजवळचं रिंगण, मग वाखरी.

बायकांसाठी थोडं वेगळं

वारीत निम्म्याच्या आसपास बाया असतात आणि रात्री-पहाटे एकट्या बाईलाही इथे परकेपणा वाटत नाही. तरी पहाटे अंधारात शौचाला जाताना दोघी-तिघींनी मिळून जा, टॉर्च घेऊन. गडद रंगाचा परकर किंवा गाऊन आंघोळीला उपयोगी पडतो, कारण आडोसा बहुधा साडीचाच असतो. चालताना पायघोळ साडी चिखलात ओढते; ती थोडी वर खोचा किंवा सलवार-कुडता घाला, दिंडीला चालतो का ते आधी विचारून. पाळी वारीत येणार असेल तर पॅड जास्तीचे आणि वापरलेले गुंडाळायला कागदी पिशव्या न्या. त्या दिवसांत वीणा-तुळस घ्यावी की नाही याबद्दल दिंडीदिंडीत रूढी वेगळ्या आहेत, पण चालणं कोणी थांबवत नाही. पाणी मात्र कमी करू नका. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग ही वारीत बायकांची मोठी तक्रार आहे आणि तिचं मूळ पाणी टाळण्यात आहे.

पंढरपूर आणि परत

दशमीला पंढरपुरात पोहोचल्यावर मुक्काम दिंडीच्या मठात, धर्मशाळेत किंवा चंद्रभागेपलीकडच्या ६५ एकरच्या तळावर. तिथे पोहोचलात की आधी मुक्कामाची खूण पक्की करा, कारण एकादशीच्या गर्दीत रस्ते ओळखू येत नाहीत.

पदस्पर्श दर्शनाची रांग एकादशीला कित्येक तासांची, कधी दिवसापेक्षाही लांबते. पायांची आणि पोटाची स्थिती पाहून ठरवा. जुने वारकरी चंद्रभागेचं स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरी आणि कळसाचं दर्शन घेऊन समाधानी असतात, आणि त्यात काही उणं नाही. विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवायचंच असेल तर पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवस थांबा किंवा महिन्याभराने पुन्हा या. नदीत वाळू उपशाने खड्डे झालेले असतात. पोहता येत असलं तरी दोरी लावलेल्या आणि नावा उभ्या असलेल्या घाटावरच उतरा.

पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो आणि दिंड्या मोकळ्या होतात. एकादशीच्या संध्याकाळी परतणाऱ्यांची एसटी स्थानकांवर सर्वांत जास्त झुंबड असते. महामंडळ जादा गाड्या सोडतं, त्या शहराबाहेरच्या तात्पुरत्या स्थानकांवरून दिशेप्रमाणे सुटतात. आपल्या गावची गाडी कुठून आहे हे दशमीलाच विचारून ठेवा. काल्यापर्यंत थांबणाऱ्याला जागाही मिळते आणि प्रसादही.

घरी आल्यावर पाय आठवडाभर सुजलेले राहू शकतात. रोज अर्धा तास सावकाश चाला, एकदम थांबू नका. ताप, पोटरीत एकाच बाजूला दुखणं व सूज, किंवा न भरणारी जखम असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि दिंडीचालकांना फोन करून पुढच्या वर्षीचं नाव श्रावणातच सांगून ठेवा. चांगल्या दिंड्यांत जुन्या माणसांची जागा आधी धरली जाते.